वाड्याच्या सागवानाचं टेबल जोडून झालं, आता वर काय मारू? (नाशिक, पावसाच्या आत उरकायचंय)

ढलपी | ९ एप्रिल, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसतीच वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

जुन्या नाशकात आमच्या आजोळचा वाडा होता. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि मग सगळाच उतरवून घ्यावा लागला. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, सागवानी कड्या मामाने भाचरांना वाटल्या. बाकीच्यांनी आपापला वाटा विकून टाकला, मी मात्र सात कड्या टेम्पोत घालून इंदिरानगरला आणल्या. वखारीत चिरायला नेल्या तेव्हा चिरणाऱ्याने आधी लोहचुंबक फिरवून एकोणीस खिळे उपसायला लावले. तरी विसावा पात्याला लागलाच. पात्याचे पैसे त्याने घेतले, मी मुकाट दिले.

आता पाच फळ्या जोडून ५ फूट बाय अडीच फूट, सव्वा इंच जाडीचा टॉप तयार आहे. जोड फेविकॉलचे, अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाय करून घेतलेत. मी घरून ड्रॉइंगचं काम करते. दोन मॉनिटर, लॅपटॉप, दिवसाला पाच चहा, आणि संध्याकाळी त्याच टेबलावर मुलाचा गृहपाठ. म्हणजे कंपास, फेविस्टिक, वॉटरकलर, सगळं आलं.

८० आणि १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून झालंय. पुढे अडलेय, कारण मामा म्हणतो फ्रेंच पॉलिशशिवाय सागवानाला हात लावायचा नाही, दुकानदार म्हणतो पीयूच (पॉलियुरेथेन) घ्या, यूट्यूबवरचे सगळे जवसाचं तेल चोळतायत, आणि नवरा म्हणतो काहीही मार आणि वर काच टाक.

मला टिकाऊ हवंय. आणि लाकूड लाकडासारखं दिसायला हवंय, आरशासारखं नको. पाऊस लागायच्या आत हातावेगळं करायचंय. पॉलिशवाल्याला विचारलं होतं, तो सिंहस्थ होईपर्यंत मोकळा नाही म्हणे.

सरळमार्गी | ९ एप्रिल, रात्री ११:१२

सनमायका लावा, विषय संपला.

तर्रीबाज | ९ एप्रिल, रात्री ११:२०

सरळमार्गी, तुम्हाला त्या वाड्याच्या आत्म्यांनी रात्री येऊन विचारायला हवं.

सुतारपक्षी | १० एप्रिल, सकाळी ७:३५

ढलपीताई, आधी अभिनंदन. सागवान जुनं, मुरलेलं, म्हणजे निम्मी लढाई जिंकलात.

दुकानात जायच्या आधी एक ठरवा. टिकाऊ म्हणजे तुम्हाला काय हवंय? डागच पडू नये असं, की पडला तर घरच्या घरी घालवता यावा असं? या दोन गोष्टी एका डब्यात मिळत नाहीत. पीयू डागाला दाद देत नाही, पण खोल ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. नवा थर जुन्यात मिसळत नाही, ठिगळाची कड दिसत राहते. तेल आणि मेण बरोब्बर उलटं: डाग पटकन धरतात, पण तेवढाच तुकडा घासून पुन्हा तेल चोळलं की दहा मिनिटांत काम होतं.

दुसरं. टेबल मधे झिजत नाही, पुढच्या कडेला झिजतं. मनगटं आणि कोपर जिथे टेकतात तिथे. माझ्या जुन्या टेबलाला चार वर्षांत पुढच्या काठावर हातभर रुंदीचा मळकट पट्टा आला होता, बाकी टॉप नवाकोरा. घाम आणि घर्षण. आणि तीक्ष्ण कडेवर कुठलंच फिनिश जाड बसत नाही, ओलं असतानाच कडेवरून मागे सरकतं. म्हणून आत्ताच पुढची कड चांगली तीन-चार मिलिमीटर गोल करून घ्या. मनगटालाही बरं.

काच टाकू नका. साध्या पारदर्शक काचेवर माउस चालत नाही, खालून वाफ धरते, आणि फिनिश पुरतं घट्ट व्हायच्या आत टाकलीत तर काच टॉपला चिकटते. मग ती काढताना पॉलिश बरोबर येतं. प्लास्टिकच्या टेबलक्लॉथचंही तेच. त्यातलं मऊ करणारं रसायन पॉलिशमध्ये उतरतं आणि चिकचिक होते. मॉनिटरच्या स्टँडखालची रबराची पायतणंसुद्धा लॅकरवर गोल डाग सोडतात, खाली फेल्ट लावा.

जुनी_वखार | १० एप्रिल, दुपारी १२:०४

मामांचं बरोबर आहे. मी आयुष्यभर लाकडाच्या धंद्यात काढलं, वडील पॉलिशचं काम करत. फ्रेंच पॉलिशचा चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, सकाळी मलमलीतून गाळायचा. कापसाची पोटली मलमलीत बांधायची, तिला तेलाचं एक बोट, आणि इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा हात फिरवायचा. एका दिवसात वीस-पंचवीस हात बसतात. सागवानाची जी नस त्यात दिसते ती पीयूच्या बापाला दाखवता येणार नाही.

आणि एक. वर जे काय माराल ते खालूनही मारा. वर चार हात तर खाली निदान दोन. माणसं वरची बाजू सजवतात आणि पोट उघडं ठेवतात, मग पावसाळ्यात फळी बाक धरते आणि दोष लाकडाला.

रसायनी | १० एप्रिल, रात्री ९:१५

रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, थोडं बोलतो. कंटाळलात तर पुढे जा.

फिनिश सुकतं म्हणजे काय होतं हे समजलं की निवड सोपी होते. फ्रेंच पॉलिश आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर यांच्यात द्रावक उडून जातो आणि आधी विरघळलेली राळ तशीच मागे उरते. मिठाचं पाणी आटलं की मीठ उरतं तसं. पुन्हा पाणी घातलं की मीठ पुन्हा विरघळतं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि आपला सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी स्पिरिटच. कोविडच्या काळात लोकांच्या देवघराच्या दारांवर, डायनिंग टेबलांवर बोटांचे ठसे उमटले ते याच कारणाने. उष्णतेचंही तेच, गरम कप ठेवला की चपडा मऊ होतो आणि ओल आत शिरून पांढरी कडी उठते. पण हाच दोष दुरुस्तीच्या वेळी गुण होतो, कारण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. वखारकाकांचं म्हणणं त्या अर्थाने खरं आहे.

जवसाचं तेल वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कच्चं तेल त्याला आठवडे लावतं. दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते जरा लवकर होतं, पण थर असा बसतच नाही, ते लाकडात मुरतं.

टू-पॅक पीयूत बेस आणि हार्डनर मिसळले की रासायनिक क्रिया होते. अंडं उकडल्यासारखं, एकदा घट्ट झालं की कुठल्याही थिनरने पुन्हा पातळ होत नाही. म्हणून चहा, स्पिरिट, तेल त्याला काही करू शकत नाहीत.

आता धोका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे गनने मारलं तर त्याचा धुरळा फुफ्फुसात जातो आणि एकदा शरीराने ते मनावर घेतलं की दमा कायमचा मागे लागू शकतो. घरी स्प्रे करूच नका. ब्रशने किंवा फडक्याने, बाल्कनीत, हातमोजे आणि कार्ट्रिजवाला मास्क घालून. तोंडाला बांधायचा रुमाल इथे चालत नाही. घरात कुणाला दमा असेल तर मी टू-पॅक सुचवणारच नाही.

आणि पाऊस. दमट हवेत चपडा किंवा लॅकर मारलं की द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार करतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरका ढग येतो. टू-पॅकचा हार्डनर तर बाष्पाशीच क्रिया करतो, बारीक बुडबुडे येतात. त्यामुळे नाशकात मे महिना उत्तम, जुलै विसरा.

पिंपळगावकर | ११ एप्रिल, सकाळी ६:१०

आमच्या द्राक्षाच्या पॅकहाउसात हिशेबाला बाभळीचं टेबल आहे, त्याला मी जवसाचं तेल दिलंय. दरवर्षी छाटणीच्या आधी एक हात देतो. डाग? विचारू नका, निम्मं टेबल डागच आहे. पण मला चालतं, टेबल माझ्यासारखंच दिसतं.

एक मात्र सांगतो, चेष्टा नाही. पहिल्या वर्षी तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात खोक्यात टाकली. दुपारी वास आला म्हणून बघतो तर खोक्यातून धूर. काडी नाही, बिडी नाही. वर रिकामे पुठ्ठे रचलेले होते, अर्धा तास उशीर झाला असता तर शेड गेली असती.

रसायनी | ११ एप्रिल, सकाळी ८:४०

पिंपळगावकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. फडकं पसरलेलं असलं तर ती हवेत जाते, चुरगळलेलं असलं तर आतल्या आत साठत जाते आणि फडकं आपोआप पेटतं. आपल्या एप्रिलच्या उन्हात तर लवकरच. फडकी दोरीवर एकेक वाळत घाला नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. हे ज्याने तेल वापरलं त्या प्रत्येकाला लागू.

निशिगंध | ११ एप्रिल, दुपारी ३:२२

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझं पाइनवुडचं टेबल आहे, त्याला पाण्यातलं पीयू चालेल का? वास सहन होत नाही.

सुतारपक्षी | ११ एप्रिल, दुपारी ४:००

निशिगंध, चालेल. पाण्याने पाइनचे तंतू उभे राहतात, पहिला हात खरखरीत लागेल, ३२० ने हलकं घासून दुसरा द्या. स्टीलवूल वापरू नका, त्याचे कण अडकून पाण्याने गंजतात आणि पांढऱ्या पाइनवर तपकिरी ठिपके येतात. पाइन मऊ असतं, बॉलपेनने वहीत जोरात लिहिलं तरी खाली खड्डे पडतील. त्याला कुठलंच फिनिश काही करू शकत नाही. लाकूडच दबतं.

ढलपी | ११ एप्रिल, रात्री १०:०५

बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. घरात दमा कुणाला नाही.

एवढे मतभेद बघून ठरवलंय की कड्यांचे जे तुकडे उरलेत त्यांवर एकेक फिनिश मारून बघायचं. दहा दिवस सुकू द्यायचं आणि मग छळायचं. चहा, सॅनिटायझर, बॉलपेन, किल्ल्या. अजून काय?

तर्रीबाज | ११ एप्रिल, रात्री १०:०९

नाशकात राहता आणि मिसळीचा रस्सा विसरलात? हळद, तिखट आणि तेल तिन्ही एकदम. रस्सा रात्रभर टिकला तर ते फिनिश खरं.

ढलपी | २७ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

परीक्षेचा निकाल लागलाय.

सहा तुकडे घेतले, सगळे २२० पर्यंत घासलेले. पहिल्यावर मामाने स्वतः येऊन फ्रेंच पॉलिश केलं (पोटली, तेलाचं बोट, सगळं काकांनी लिहिलंय तसंच. मामाला हा धागा वाचून दाखवला, खूश झाला). दुसऱ्यावर डबल बॉइल्ड जवस तेलाचे तीन हात. तिसऱ्यावर मेलामाइन लॅकर. चौथ्यावर सिंगल पॅक पीयू, म्हणजे हार्डनर नसलेलं. पाचव्यावर टू-पॅक पीयू मॅट. सहाव्यावर हार्डवॅक्स ऑइल (तेल आणि मेणाचं मिश्रण), ऑनलाइन छोटा डबा मागवला. महाग आहे.

दिसण्यात फ्रेंच पॉलिश पहिलं, त्यात वादच नाही. उजेडात फिरवलं की नसांमध्ये आग हलल्यासारखी दिसते. हाताला हार्डवॅक्स सगळ्यात छान, लाकडालाच हात लागल्यासारखं. मेलामाइनला घरभर फॉर्मॅलिनसारखा वास आणि रंग जरा पिवळट.

मग छळ. फ्रेंच पॉलिशवर उकळत्या चहाचा कप दहा मिनिटं ठेवला, पांढरी कडी उठली. सॅनिटायझरचे पाच थेंब टाकले, मिनिटाभरात बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला, अगदी आधार कार्डाला घेतात तसा. मामा बघत होता. काही बोलला नाही. पोटली स्पिरिटमध्ये बुडवली, चार वेळा फिरवली, आणि कडी, ठसा दोन्ही गायब. मग म्हणाला, "हे तुझ्या पीयूला सांग करायला."

जवस तेलाच्या तुकड्यावर रश्श्याने पिवळा सूर्य काढला. चहाची काळपट कडी वेगळी. सिंगल पॅक पीयूवर रस्सा रात्रभर ठेवला तेव्हा पुसट पिवळं राहिलं आणि सॅनिटायझरच्या जागी चमक गेली. मेलामाइनने रस्सा, चहा, स्पिरिट सगळं पचवलं, पण किल्ली ओढली की पांढरी रेघ येते आणि ती डोळ्यात खुपते. हार्डवॅक्सवर रश्श्याचा फिका डाग आणि सॅनिटायझरचा मंद ठिपका.

टू-पॅक पीयूवर सकाळी हळदीची पुसट कडा होती, बाकी काही नाही. तो तुकडा खिडकीत राहिला आणि दोन दिवसांच्या उन्हात ती कडाही उडाली.

किल्लीचा खोल ओरखडा सगळ्यांवर पडला. त्यातून कोणी सुटलं नाही.

जुनी_वखार | २७ एप्रिल, रात्री ९:००

मामांना माझा नमस्कार सांगा. पण परीक्षा अन्यायाची आहे. रस्सा रात्रभर टेबलावर सोडून झोपणारी बाई मला दाखवा.

तर्रीबाज | २७ एप्रिल, रात्री ९:०४

काका, तिला मुलगा आहे.

सुतारपक्षी | २८ एप्रिल, सकाळी ७:००

सुरेख प्रयोग. मी तुमच्या जागी असतो तर हार्डवॅक्स घेतलं असतं. वर्षाकाठी पुढचा पट्टा तेवढा घासायचा आणि पुन्हा एक पातळ हात. तुम्हाला रंध्याची सवय आहे, हे काम जड नाही. शिवाय मुलगा मोठा होईपर्यंत टेबल दहा वेळा ओरबाडलं जाणार.

ढलपी | २८ एप्रिल, रात्री १०:३०

सुतारपक्षी, दोन दिवस याच विचारात काढले. पण मला मी ओळखते. वर्षाला एकदा घासेन म्हणते आणि तीन वर्षं ते होणार नाही. टेबल दिवसभर वापरात, ते रिकामं करून दोन दिवस बाल्कनीत ठेवणंच जमणार नाही. म्हणून टू-पॅक मॅट, ब्रशने. ओरखडे पडतील ते पडतील.

आता सागवानाचं तेल आणि खिळ्यांच्या भोकांभोवतीचे काळे डाग याबद्दल सांगा. भोकं भरायला लांबी (पुट्टी) कुठली घेऊ?

रसायनी | २९ एप्रिल, सकाळी ९:२०

काळे डाग म्हणजे लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांची क्रिया. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, हातमोजे हवेतच, विषारी आहे. डाग फिका झाला की साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. वाळल्यावर घासताना ती पूड नाकात जाऊ देऊ नका. फक्त डागावर लावाल तर तिथे गोरा ठिपका दिसेल, पूर्ण टॉपला हलकं फिरवा.

सागवानाच्या अंगात मुळातच तेलकटपणा असतो, त्याने फिनिशची पकड ढिली पडते. २२० ने घासून झालं की धूळ झटका, मग अ‍ॅसिटोन किंवा पीयू थिनरच्या फडक्याने पुसा. फडकं पिवळं होईल, ते त्याचं तेल. पुसल्यावर उद्यावर टाकू नका, तासाभरात पहिला हात द्या. उशीर केला तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

मॅटमध्ये चमक कमी करणारी बारीक पूड असते, ती डब्याच्या तळाशी बसते. काठीने तळातून ढवळा, डबा हलवू नका, बुडबुडे होतात. पहिले दोन हात ग्लॉसचे आणि शेवटचा मॅटचा दिलात तर नस स्वच्छ दिसते.

तुमचा टॉप साडेबारा चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून पंचवीस. चार हात धरले तर साधारण लिटरभर लागेल. एका वेळी एका हातापुरतंच कालवा. हार्डनर पडला की दोन-तीन तासांत मगातच घट्ट होतं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं, अंदाजे नाही.

भोकं जुनी आहेत, वाड्याची आहेत. मी असतो तर भरली नसती. हे रसायनशास्त्र नाही, आपलं एक मत.

ढलपी | २४ मे, रात्री ११:४०

झालं! फोटो टाकता येत नाहीयेत, शब्दांवर भागवा.

ऑक्झॅलिकने डाग सत्तर टक्के गेले, उरले ते ठेवले. अ‍ॅसिटोनच्या फडक्याला खरंच चहासारखा रंग आला. पहिला हात मारला आणि मामाने जे म्हटलं होतं ते, आग, ती थोडीशी इथेही दिसली.

दुसऱ्या हाताला मधोमध चार-पाच गोल खळगे पडले, पाण्यावर तेलाचा थेंब टाकल्यावर होतं तसे. बसून डोकं खाजवलं. मग आठवलं, आदल्या दिवशी नवऱ्याने त्याच बाल्कनीत बाइकच्या सीटला चमकवायचा स्प्रे मारला होता. सिलिकॉन. सगळं सुकू दिलं, घासलं, थिनरने पुसलं, पुन्हा. नवरा दोन दिवस शहाण्यासारखा वागत होता.

शेवटच्या मॅट हाताआधी धूळ उडू नये म्हणून बाल्कनीची फरशी ओली केली, पंखा बंद, सगळ्यांना घराबाहेर काढलं. पातळ, लांब, एका दमात ब्रश. मागे सरून तिरप्या उजेडात बघितलं, काचेसारखं सपाट, आणि तेवढ्यात एक चिलट येऊन नेमकं उजव्या कोपऱ्यात बसलं. हात लावला नाही. सुकल्यावर ६०० च्या वॉटरपेपरने काढलं, पाय मात्र दोन आतच राहिलेत.

एक चूक कबूल करते. शेवटच्या हाताला उत्साहात जास्त कालवलं, पाव लिटर मगातच गोठलं. त्यामुळे पोटाला काहीच उरलं नाही. दुकानदार छोटा पॅक देत नाही. पावसाळा झाल्यावर बघू.

जुनी_वखार | २५ मे, सकाळी ६:५०

बघा हं.

ढलपी | १९ जुलै, रात्री ९:१०

काका, हसू नका.

आठ दिवस संततधार, गोदेला पूर, आणि माझ्या टेबलाला बाक. पेन्सिल पुढच्या कडेला ठेवली तर गडगडत मधे येते, मागच्या कडेला ठेवली तरी मधेच. पट्टी आडवी लावली तर मधे तीन मिलिमीटरची फट. मुलाने त्याचा खेळ केलाय, दोन्हीकडून पेन्सिली सोडतो, मधे आपटतात.

वरचं पीयू मात्र जसंच्या तसं.

सुतारपक्षी | १९ जुलै, रात्री ९:४५

वरून पीयूने ओल आत जाणं मंदावलं, खालून उघडं लाकूड पीत राहिलं. खालची बाजू फुगली, वरची नाही, म्हणून कडा वर उचलल्या. कुठलंही फिनिश ओल पूर्ण थांबवत नाही, फक्त वेग कमी करतं. तो दोन्ही बाजूंना सारखा असला की झालं.

स्क्रू कसे लावलेत? लोखंडी फ्रेमची भोकं गोल असतील तर आधी सैल करा. एवढ्या रुंदीचं सागवान उन्हाळा ते पावसाळा पाचेक मिलिमीटर आडवं फुगू शकतं. लांबीत नाही, रुंदीत. भोकं आडवी लांबट हवीत. घट्ट धरून ठेवलंत तर जोड नाहीतर फळी, एक काहीतरी चिरेल.

जुनी_वखार | २० जुलै, सकाळी ६:३०

हसत नाही पोरी. घाबरू नकोस, जुनं सागवान आहे, परत येईल. वजन ठेवून दाबायला जाऊ नकोस आणि आत्ता खालून काही मारूही नकोस, फुगलेलं लाकूड बंद करशील. गणपती, नवरात्र जाऊ दे. ऑक्टोबरचं ऊन पडलं की टॉप लाकडी पट्ट्यांवर उचलून उलटा ठेव, दोन्ही बाजूंना वारा लागू दे. सरळ झालं की मग खालून दोन हात.

रसायनी | २० जुलै, सकाळी ८:००

काकांना अनुमोदन. आणि खालच्या बाजूला मॅट-ग्लॉस बघू नका, तेच टू-पॅक असलं की झालं. जे उरेल त्याचा हार्डनर झाकण गच्च लावून ठेवा, तरी पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नाही. हवेतल्या ओलीने तो डब्यातच घट्ट होतो.

ढलपी | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

फ्रेमची भोकं अंबडला नेऊन लांबट करून आणली. टॉप दसऱ्यानंतर बारा दिवस बाल्कनीत उलटा होता. पहिल्या आठवड्यात दोन मिलिमीटर उतरलं, मग अडून बसलं, मग दिवाळीच्या थंडीवाऱ्यात उरलेलंही गेलं. पट्टीखालून आता कागद जात नाही. खालून दोन हात दिले, या वेळी मगात चहाच्या कपाएवढंच कालवलं.

पाच महिन्यांचा हिशेब: चहाच्या कड्या शून्य, रस्सा एकदा सांडला (खरंच, रविवारी), पुसला, गेला. पुढच्या कडेवर काही नाही अजून. कंपासाचं टोक एकदा रुतलंय, तो खड्डा आहे, राहील.

भोकं भरली नाहीत. माउसच्या शेजारी एक आहे, जुन्या चौकोनी खिळ्याचं, तिरकं. मुलगा त्यात पेन्सिल उभी करतो. पावसाळाभर ती कायम आतल्या बाजूला झुकलेली असायची, आता बाहेर झुकते.

जुनी_वखार | २ नोव्हेंबर, रात्री ८:१५

सात कड्यांतून पाच फळ्या म्हणालीस. उरलेलं लाकूड आहे का विकायला?

ढलपी | २ नोव्हेंबर, रात्री ८:१७

नाही काका. मामाला स्टूल करून देतेय. त्याला फ्रेंच पॉलिश.